सातशे सदुसष्ट बाहेर, बावीस भिंतीत, पन्नास आत

१ जुलै, सोमवार, सकाळी साडेसात. अनामत रक्कम पंधरा हजार रुपये, रोख. भाडं महिना सहा हजार, लाइटबिल वेगळं. हजर: मी, माझी आई, वहिनी, बेल बसवायला आलेला दत्ता वायरमन, आणि त्या.

एवढं माझ्या वहीत आहे. वहीत नाही ते असं, की माझे पैसे मोजून होण्याआधीच त्या बाहेरच्या जिन्यावर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

आमच्या घरावर दोन खोल्या आहेत. लवळ्याच्या कॉलेजांमुळे त्या कधी रिकाम्या राहत नाहीत. त्या वर्षी एका प्राध्यापक बाईंनी घेतल्या. एकसष्ट वर्षांच्या, मूळच्या अमरावतीकडच्या, एका प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, आणि आता टेकडीवरच्या कॉलेजात आठवड्याचे चार तास शिकवायला आलेल्या. नाव लिहीत नाही. आम्ही मॅडम म्हणायचो, आई बाई म्हणायची.

टाळ्यांचं कारण बेल. मी दत्ताला सांगितलं होतं, बटण दाराबाहेर आणि बेल आत. दत्ता कानाला फोन लावून काम करतो. त्यानं बटण आत, खाटेच्या उशाशी बसवलं आणि बेल बाहेर, अंगणाच्या दिशेनं.

"अरे शहाण्या," मी म्हटलं, "पावणा आधी आत येऊन बटण दाबायचा आन् मग बाहेर जाऊन दार वाजायची वाट बघायचा का?"

"वायर तिकडूनच निघत व्हती," दत्ता म्हणाला. "दहा मिन्टात फिरवून देतो."

"हात नका लावू!" मॅडम वरून ओरडल्या. "काहून काढता बाप्पा? ह्याच्यापायी तर मी आयुष्य घातलं!"

त्या धावत खाली आल्या. आनंद झाला की त्यांची बोली बदलायची, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एरवी शुद्ध पुस्तकी, खूश झाल्या की वऱ्हाडी.

"पाहा ना जी. बटण चांगलं. बेल चांगली. वायर चांगली. करंटही येऊन राहिला. फक्त उलटी बसली. आणि उलटी बसली म्हणजे नसल्यासारखीच! भाऊ, तुमच्या अंगातली एकेक पेशी दिवसभर अशा बेला बनवते आणि आपल्या भिंतीत बसवते. बटण बाहेर, घंटी आत. बाहेरून निरोप आला की आत वाजायला पाहिजे. आणि ती एक उलटी बसवत नाही. तिला कोण सांगतं, कुठली बाजू बाहेर? सांगा बरं!"

मला काय माहीत. मी दत्ताची मजुरी मात्र रोखली. साडेतीनशे रुपये. काम सांगितल्याप्रमाणे झालं नाही तर पैसे नाहीत, हा माझा नियम आहे.

बेल तशीच राहिली. मॅडम तिचा वापर असा करायच्या: सकाळी सहाला चहा गाळला की उशाशी बटण दाबायचं. अंगणात ती कर्कश बेल वाजायची आणि माझी आई, जी एरवी गुडघ्यांच्या नावानं दिवसभर ओरडते, ती "आले गं बाई, आले" म्हणत चौदा पायऱ्या चढून जायची. त्यांच्याकडे येणारे विद्यार्थी मात्र खाली उभं राहून हाका मारायचे. त्यांना वर नेऊन मॅडम पहिला तास त्या बेलेवरच घ्यायच्या.

*

त्यांच्या ओढणीच्या काठाला सेफ्टी पिनांची रांग असायची. मी एकदा मोजल्या, अकरा होत्या. घरात कुणाच्या परकराची, पायजम्याची नाडी निघाली की त्या हातातलं काम टाकून यायच्या. नाडी ओवणं हे त्यांना फार आवडायचं, आणि ओवताना त्या गप्प कधीच राहिल्या नाहीत.

"नुसती नाडी नेफ्यात जाते का, आजी? जात नाही. मऊ असते, तिला दिशा नसते. टोकाला पिन लावली की जाते. पिन वाट दाखवते. आणि पलीकडे निघाली की पिनेचं काम संपलं, काढून टाकायची. पायजमा घालून पिन घेऊन कोणी हिंडतं का?"

"न्हाई बा," आई म्हणायची. "टोचंल की."

"तेच पेशी करते!"

आईला पेशी कळत नव्हती, पण नाडी कळत होती, आणि मॅडमना तेवढं पुरायचं.

लवळ्याला त्या पायी जायच्या. वाटेत भेटेल त्याला एकच विचारायच्या. मी दूध संस्थेचा सेक्रेटरी. सकाळ-संध्याकाळ गावातल्या किटल्या येतात, प्रत्येकीतलं थोडं दूध मशीनला लावून फॅट काढायची, आकडा वहीत लिहायचा, त्यावर भाव. मग टँकर पुण्याला. लोक मला विचारतात, किती लिटर झालं? मॅडम विचारायच्या, "पोचलं का?" भाताच्या लावणीला बायका निघाल्या की त्यांना, "रोपं पोचली का?" हिंजवडीहून कंपनीच्या कॅबनं येणाऱ्या माझ्या पुतणीला, रेश्माला, वाहतुकीत दीड तास काढून ती दारात आली की, "पोचलीस का?"

"भाऊ, बनणं निम्मं काम," त्या म्हणायच्या. "उरलेलं निम्मं पोचणं. जग बनणाऱ्याचं कौतुक करतं. पोचवणाऱ्याला कोणी विचारत नाही."

मी टँकरवाल्याच्या शिव्या रोज ऐकतो. मला पटलं.

*

एका रविवारी मी त्यांना स्कूटरवरून पौडच्या बाजाराला नेलं. कापडवाल्यासमोर उभं राहून त्यांनी मागणी सांगितली.

"आठ मीटर साठ सेंटीमीटर नाडी द्या. जोड नको. एकसंध."

"कुनाच्या मापाची, बाई?"

"लिव्हरच्या."

कापडवाल्यानं माझ्याकडं बघितलं. "शेक्रेटरी, घरी समदी बरी हायेत न्हवं?"

"मोजून दे तू," मी म्हटलं.

दुपारी अंगणात दहा-बारा विद्यार्थी आले. आई आणि वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मॅडमनी वहिनींकडून उशीचा एक अभ्रा मागून घेतला, त्याला तळाशी बारीक भोक पाडलं आणि दोरीवर तोंड खाली करून टांगला. नाडीवर खुणा केल्या. एक सेंटीमीटर म्हणजे एक मणी.

"आपल्या अंगातलं प्रत्येक प्रोटीन म्हणजे अशी एक माळ. पेशीत माळा ओवणारी यंत्रं आहेत. चिठ्ठी वाचतात, मण्यामागं मणी ओवतात. ही माळ आठशे साठ मण्यांची. हिचं काम, लिव्हरच्या पेशीबाहेर हात काढून उभं राहायचं आणि रक्तातली वाईट चरबी धरून आत ओढायची. सोडायचं, पुन्हा बाहेर, पुन्हा धरायचं. पण हात बनला आत. उभं राहायचं बाहेर. मधे भिंत, आणि भिंत विटांची नाही, तेलाची. दुधावर साय धरते तशी, पण दोन पदरी. जायचं कसं?"

 वहिनींचा हात सुपात थांबला होता.

"पहिले एकवीस मणी म्हणजे पिन!" मॅडमनी नाडीचं लाल रंगवलेलं टोक वर धरलं. "माळ अजून पुरी ओवलेलीही नसते. पण हे एकवीस मणी दिसले की एक मुकादम येतो. पिन ओळखतो, ओवणाऱ्या यंत्राला म्हणतो, थांब जरा. आणि यंत्रासकट सगळं उचलून पेशीतल्या एका पिशवीच्या दाराशी नेऊन लावतो. मग पुढचं ओवणं तिथंच. मणी ओवला की पिशवीत, मणी ओवला की पिशवीत."

त्यांनी पिन भोकातून घातली, आतून ओढली, कात्रीनं लाल टोक कापून विद्यार्थ्यांच्या अंगावर फेकलं. "पिनेचं काम संपलं!" नाडी सरसर आत जात राहिली. शेवटी एका ठिकाणी त्यांनी मेण लावून ती जाड केली होती. तिथं ती अडली.

"हे बावीस मणी तेलकट. त्यांना पाण्यात करमत नाही, तेलात करमतं. भिंत तेलाची. ते तिथंच राहतात. मागं पन्नास मणी उरले, ते भिंतीच्या अलीकडे लोंबतात."

मला राहवलं नाही. मी खिशातला पेन काढून हातावर मांडलं.

"मॅडम, आठशे साठातून एकवीस गेले. आठशे एकोणचाळीस. बावीस भिंतीत, पन्नास अलीकडं. म्हणजे अभ्र्यात सातशे सदुसष्ट पाहिजेत."

"मोजा!"

मी अभ्र्यातली नाडी बाहेर ओढून टेपनं मोजली. सात मीटर सदुसष्ट सेंटीमीटर. कापडवाल्यानं एक सेंटीमीटरही कमी दिलं नव्हतं.

सत्तेचाळीस वर्षांचा मी माणूस, पण त्या वेळी अंगावर काटा आला हे खरं. इतकी वर्षं दुधाचा हिशोब जुळवताना अर्ध्या लिटरसाठी मी जेवणाच्या ताटावरून उठलेलो आहे. आणि इथं माझ्या पोटात, न बघता, न लिहिता, कोणीतरी मण्याला मणी जुळवत होतं.

"पण मॅडम," एक मुलगी म्हणाली, "ही तर पिशवीच्या आत गेली. बाहेर कुठं आली?"

मॅडम याचीच वाट बघत होत्या. त्यांनी नाडी पुन्हा आत कोंबली, अभ्रा दोरीवरून काढला, दोन्ही हात आत घातले आणि तो झटक्यात उलटा केला. सातशे सदुसष्ट सेंटीमीटर नाडी अंगणभर सांडली. पन्नासाची शेपटी आत गेली.

"पिशवी भिंतीला जाऊन चिकटते आणि तिथं फुटून उमलते. पिशवीचं आतलं ते पेशीचं बाहेरचं! दिशा कधीच ठरली, पहिल्या पिनेपाशी. दत्ताला कोणी हे शिकवलं नाही, म्हणून बेल उलटी!"

विद्यार्थी हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "बाई, आन् पोचलाच न्हाई हात बाहेर, तर?"

मॅडमनी त्यांच्याकडं वळून बघितलं. "मग रक्तात चरबी साठते. जेवण कितीही साधं असो."

वहिनींनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या.

*

आता हे सांगायलाच हवं. माझे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. माझा थोरला भाऊ, रेश्माचा बाप, एक्केचाळिसाव्या वर्षी बांधावर बसला तो उठला नाही. दोघांचं हृदय. गावात म्हणतात, त्या घरातला बाप्या पंचेचाळीस बघत नाही. कोणी बांधाच्या जुन्या भांडणातला तळतळाट म्हणतं. माझ्या आईनं मात्र त्या दिवशी, सगळ्यांदेखत, सुनेला म्हटलं होतं, "तूप चारून चारून मारलास माझ्या पोराला." आई ते विसरली. वहिनी विसरल्या नाहीत. अकरा वर्षं आमच्या स्वयंपाकघरात तूप आलं नाही, मटण आलं नाही. दूध संस्थेच्या सेक्रेटरीच्या घरी ताक पितात.

आणि मी? घरातला प्रत्येक आकडा माझ्या वहीत असतो. हा एक आकडा मी कधी मागितला नव्हता. पंचेचाळिसावं सरलं तेव्हा कारण कोणाला न सांगता पेढे वाटले. माझी बायको नंतर म्हणाली, "रोज छातीवर हात ठिवून झोपताय, मला काय दिसत न्हाई व्हय?"

*

जानेवारीत रेश्माचं कोळवणच्या एका मुलाशी ठरत आलं. मुलगा तिच्याच कंपनीतला, घरची शेती आणि चार म्हशी. सुपारी फुटायची होती. वहिनींनी नवे पैंजण केले, रेश्मा ते मॅडमना दाखवायला जिन्यावर बसली. मी खाली स्कूटर पुसत होतो.

"टाचेमागं टोचतायत," रेश्मा म्हणाली. "सोनाराला कडी वाढवायला सांगते."

"पाहू." मॅडम खाली वाकल्या. टाचेच्या वरची शीर अंगठ्यानं दाबून बघितली. दुसरा पाय बघितला. मग त्या बोलल्या तो आवाज मी आधी ऐकला नव्हता, अगदी शांत.

"हे कधीपासून जाड आहे?"

"बूट लागतात. घट्टा पडलाय."

"दोन्ही पायांना सारखा?"

मी फडकं घेऊन तसाच उभा राहिलो. दादाच्या टाचा अशाच होत्या. चिखलातल्या बुटांनी झालंय, असं आम्ही म्हणायचो. तो बूट घालायच्या आधीपासून त्या तशा होत्या, हे मला त्या क्षणी आठवलं.

मॅडम खाली माझ्याकडं आल्या. "भाऊ, मी डॉक्टर नाही. चूक असू शकते. पण रक्तात चरबी फार असली की ती टाचेच्या शिरेतही साठते, शीर अशी जाड होते. हिची रक्ततपासणी करा. उपाशीपोटी. चरबीची."

"सुपारी होऊ द्या," मी म्हटलं. "वीस दिवस. मग बघू."

"का?"

"का म्हंजे? मुलाकडच्यांच्या कानावर गेलं तर?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला खाली बघावं लागलं.

"काय करून राहिले जी तुम्ही? गावातल्या म्हशींची फॅट दिवसातून दोनदा काढता. ह्या पोरीची बावीस वर्षांत एकदा नाही काढली? आणि स्वतःची?"

 स्कूटर पुसली. ती आधीच पुसलेली होती.

घरात वहिनी ऐकायला तयार नव्हत्या. "भावजी, तिला मी तेलाचा थेंब दावला न्हाई. तिला कशानं हुईल? माज्या हातचं खाऊन त्ये गेलं, त्याची शिक्षा मी भोगतीया. पोरीच्या माथी कशाला डाग?"

मी मॅडमना खाली बोलावलं. स्वयंपाकघरात, चुलीपाशी, त्या वहिनींच्या समोर मांडी घालून बसल्या. ओढणीची एक पिन काढून हातात फिरवत राहिल्या.

"वहिनी, त्या दिवशी तुम्ही विचारलं, हात पोचलाच नाही तर. उत्तर अर्धंच दिलं मी. चिठ्ठीतला एक मणी चुकीचा असतो. बापाकडून पोराला तशीच चिठ्ठी येते, निम्म्यांना येते, निम्म्यांना नाही. माळ ओवली जाते. पिन असते, दारही सापडतं. पण पिशवीत गेल्यावर घडी नीट बसत नाही. तिथं तपासनीस असतात, वाकडी घडी ते पुढं सोडत नाहीत. पुष्कळ घरांत असंच होतं. हात बनतो आणि आतच अडून राहतो. तुमच्या मालकांचं असंच झालं असेल, तर ते जन्मले त्या दिवसापासून. तुमचं लग्न व्हायच्या आधीपासून. तुमच्या हातची पहिली भाकरी खायच्या आधीपासून."

वहिनी चुलीकडं बघत होत्या. आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

आई म्हणाली, "पोरीला ने. आन् तू बी जा." मग वहिनींच्या शेजारी, गुडघे दुखत असताना, जमिनीवर बसली.  वहिनींच्या पदराला लागलेली राख झटकत राहिली.

*

पिरंगुटच्या लॅबमध्ये आम्ही दोघं गेलो. पहिला हात मी पुढं केला.

संध्याकाळी फोनवर रिपोर्ट आला. माझं एलडीएल, म्हणजे ती वाईट चरबी, ११२. रेश्माचं २८४.

मी ते दोन आकडे एकाखाली एक वहीत लिहिले आणि दूध केंद्रावर न जाता ओट्यावर बसून राहिलो. इतकी वर्षं ज्याला भीत होतो ते माझ्याकडं नव्हतंच. ते माझ्यासमोर बसून अभ्यास करत मोठं झालं होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी हृदय तपासलं, ठीक निघालं. पुढं जनुकाची तपासणी झाली. खरंच एक मणी बदललेला. त्यांनी रेश्माला गोळी सुरू केली, कायमची. मॅडम तो कागद हातात धरून जिन्यावरून खाली-वर करत होत्या. मला राग आला.

"मॅडम, तुम्हाला आनंद कसला होतोय?"

"आनंदच आहे! भाऊ, हिच्याकडं दोन चिठ्ठ्या. बापाची चुकलेली, आईची चांगली. वहिनींची चिठ्ठी चांगली, ऐकताय ना? निम्मे हात पोचतात ते वहिनींच्या चिठ्ठीवरचे. आणि गोळी काय करते? लिव्हरला अशी तंगी दाखवते की ते घाईघाईनं जास्त हात बनवायला घेतं. चांगले जास्त बनतील, जास्त पोचतील. बाविसाव्या वर्षी कळलं बाप्पा! एक्केचाळिसाव्या नाही!"

वहिनींनी त्या रात्रीच्या भाकरीवर अकरा वर्षांनी तूप वाढलं. मला आणि आईला. रेश्माला नाही.

*

सुपारीचा रविवार आला. कोळवणहून जीपनं मुलगा, त्याचे आईवडील आणि मोठी माणसं आली. पानसुपारीचं ताट मधे. मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या, तोंडात पिन धरून. त्यांना मी गप्प पाहिलं ते त्या एकाच दिवशी.

आदल्या रात्री मी आणि रेश्मा बोललो होतो. सांगायचं, हे तिनंच ठरवलं. मी सांगायचं, एवढं मी ठरवलं.

"सुपारी फुटायच्या आधी एक सांगायचंय," मी म्हटलं. "आमच्याकडं फॅट सांगितल्याशिवाय दूध दिलं-घेतलं जात न्हाई. तुमच्याबी गावात तसंच हाय." आणि वहीतून सगळं वाचून दाखवलं. वडिलांचं वय, दादाचं वय, माझा आकडा, रेश्माचा आकडा, गोळीचं नाव.

मुलाचे वडील हातातली सुपारी ताटात ठेवत म्हणाले, "असं आधी कोन सांगतं व्हय, शेक्रेटरी?"

"मागनं सांगितलं तर तुमी काय म्हनला असता?"

 मग मुलाची आई रेश्माकडं वळली. उंच, काळीसावळी बाई, बोलणं फटकळ.

"गोळी खातीस का गं न चुकता?"

"खाते," रेश्मा म्हणाली. "आणि मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांना विचारून बंद करावी लागेल. मुलालाही हे येऊ शकतं. निम्मी शक्यता. तेही आत्ताच सांगते. लहानपणीच तपासायचं, म्हणजे काळजी राहत नाही."

मुलाच्या आईनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तोंडानं चोख हाय पोरगी." मग माझ्याकडं. "शेक्रेटरी, एकाच किटलीची फॅट काढून व्यवहार व्हतो का?"

"म्हंजे?"

"आमच्या पोराची कोन काढनार? त्याच्या बापाला शुगर हाय, माज्या भावाला हाय. ती समदं मांडून बसली, आन् आमी झाकून ठिवायचं? आज सुपारी ऱ्हाऊ द्या. पोराचं रगात तपासा. पुढल्या ऐतवारी येतो."

"आई!" मुलगा म्हणाला.

"तू गप. सुई टोचंल म्हून भितोयास."

मॅडमच्या तोंडातली पिन खाली पडली. पुढच्या आठवड्यात मुलाचा रिपोर्ट आला. चरबी ठीक, साखर काठावर. त्याची आई जीपमधून उतरतानाच ओरडली, "फिटंफाट झाली! आता फोडा सुपारी!"

*

मॅडम दोन वर्षं राहिल्या. ३० जूनला बहिणीकडं अमरावतीला गेल्या. अनामतीचे पंधरा हजार मी परत दिले, सही घेतली. त्यांनी पैसे न मोजता पिशवीत टाकले, हे मला आवडलं नाही. जाताना आईच्या हातात त्यांनी ओढणीच्या अकरा पिना दिल्या आणि नाडीचा तो अख्खा गुंडाळा. "एकवीस सेंटीमीटर कमी आहे," त्या मला म्हणाल्या, "वहीत तसं लिहा."

दिवाळीत रेश्मा माहेरी आली. दारातून आत येण्याआधी तिनं फोन माझ्या तोंडासमोर धरला. एलडीएल १३१. २८४ मधून १३१ गेले, उरले १५३. मी ती वजाबाकी तीनदा केली. तीनदाही तेवढीच आली.

ती हसत वर पळाली. खोल्या रिकाम्या होत्या, नवा भाडेकरू पाडव्यानंतर येणार होता. आणि अंगणात एकदम ती बेल वाजली, तशीच कर्कश.

"आले गं बाई, आले!" म्हणत आई लगबगीनं निघाली. सात पायऱ्या चढली आणि मग तिच्या लक्षात आलं. ती तिथंच कठड्याला धरून उभी राहिली. वरून रेश्माचा आवाज आला, "आजी, पोचलीस का?"

"पोचतीया," आई म्हणाली आणि उरलेल्या सात पायऱ्या चढली.

दुसऱ्या दिवशी मी दत्ताला बोलावलं. तो पक्कड, टेप सगळं घेऊन आला, म्हणाला, "आज फिरवून देतो बेल, लई वर्सं बोलताय."

"फिरवू नको. मजुरी घे."

"उलटी बसवल्याची?"

"बसवल्याची."

दत्ता वायरमन, बेल बसवणे, साडेतीनशे रुपये, रोख दिले. बेल आहे तशीच.